हौशीचं बाळंतपण

"विषच घातलंय. दुसरं काय असणार?" रणजित म्हणाला आणि शेडच्या खांबाला टेकवलेली काठी त्यानं उचलली.

हौशी रिकाम्या क्रेटच्या आडोशाला पोत्यावर आडवी पडली होती. सकाळपासून ती ओकत होती. आधी अन्न पडलं, मग नुसता फेस, आणि आता पोट ओढून ओढूनही काही येत नव्हतं. चार पिल्लं तिच्या पोटाशी लुचत होती आणि ती मान उचलून त्यांच्याकडे बघतही नव्हती. आदल्या दिवशी एक कामाची बाई नुसती पिल्लांजवळून गेली तर हिनं दात विचकले होते. आज मी तिचं तोंड उघडून आत बघितलं तरी ती गप्प राहिली.

रणजित माझा धाकटा दीर. तोंडानं मी त्याला भाऊजी म्हणायचे, मनात रणजितच. डोकं तापट, मन साफ, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये विचार नावाची जी वस्तू असते तिला त्यानं फारशी जागा ठेवली नव्हती. त्याच्या डोक्यात एकच नाव बसलं होतं, आनंदातात्यांचं. तात्या आमच्या भावकीतले, त्यांची द्राक्षबाग आमच्या बेदाण्याच्या शेडला लागून. हौशीनं त्यांच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या दोनदा चावून ठेवल्या होत्या आणि तात्या पारावर चार माणसांत म्हणाले होते, "ह्या कुत्रीचा एक दिवस बंदोबस्त करतो."

"भाऊजी, डॉक्टर येईपर्यंत तरी थांबा," मी म्हणाले.

"वैनी, डॉक्टर कुत्रीला बघंल. मी तात्याला बघतो."

"आणि तात्यांनी काही केलं नसेल तर?"

"मग माफी मागीन," तो म्हणाला. काठी मात्र खाली ठेवली नाही.

माझं पोट तेव्हा सातव्या महिन्याचं होतं, त्यामुळे धावत जाऊन त्याला अडवणं काही माझ्यानं झालं नसतं. आमचे हे डॉक्टरांना आणायला मोटारसायकल घेऊन तालुक्याला गेले होते. शेडात बेदाणा निवडणाऱ्या बायका हातातलं काम तसंच ठेवून आमच्याकडे बघत बसल्या होत्या. आणि दारात, तोंडाला पदर लावून, आत्याबाई उभ्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

हौशी माझ्या माहेरची. माझी आई मी नववीत असतानाच गेली. घरात वडील आणि दोन भाऊ, बाईमाणूस मी एकटीच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत निघाले तेव्हा ही हौशी जीपमध्ये चढून बसली आणि उतरेचना. वडील म्हणाले, "राहू दे. माहेरचं कुणीतरी असावं सोबतीला." अशी ती माझ्याबरोबर आली, तासगावच्या पलीकडे ह्या द्राक्षांच्या मुलखात. आत्याबाईंनी दारातच तिच्याकडे बघून सांगितलं, "उंबऱ्याच्या आत येता कामा नये." चुकून एकदा ती सोप्यात आली तेव्हा त्यांनी सगळा सोपा पाण्यानं धुतला आणि वर गोमूत्र शिंपडलं. त्यानंतर हौशीचा मुक्काम कायमचा शेडात.

आत्याबाई वाईट होत्या असं नाही. पण त्यांच्या तोंडून कधी मऊ शब्द निघायचा नाही. भाजी चांगली झाली तर त्या "बरी झालीया" म्हणायच्या आणि तेवढ्यावर माझी दिवाळी व्हायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तशी रीत. माझ्या माहेरी करणार कोण? म्हणजे ते इथंच होणार होतं, ह्याच बाईच्या हाताखाली. त्याची मला किती धास्ती वाटत होती ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. फक्त हौशीशी बोलायचे. तीही तेव्हा गाभण होती. आम्ही दोघी शेडाच्या मागे बसायचो, मी बोलायचे आणि ती ऐकायची. ती माझ्या आधी मोकळी झाली.

मोटारसायकलचा आवाज आला. डॉक्टर शिरगुप्पे मॅडम मागच्या सीटवरून उतरल्या, बॅग घेऊन थेट पोत्यापाशी आल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. त्यांचं सगळं काम गाई-म्हशींचं. कुत्र्यासाठी त्या आल्या हेच मला फार वाटत होतं. त्यांनी हौशीच्या डोळ्यांत उजेड मारून पाहिला, पोट दाबलं, हिरड्यांवर बोट टेकवलं.

"फवारणीचं औषध पोटात गेलंय असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तसं असतं तर लाळ गळाली असती, अंग थरथरलं असतं. कुठं ओकली?"

मी दाखवलं. मॅडमनी काडीनं चिवडून पाहिलं.

"हे काय आहे?"

"बेदाणे," मी म्हणाले.

"किती खाल्लेत?"

रणजित मोठ्यानं हसला. निवडणाऱ्या बायकाही हसल्या. खरं सांगायचं तर हसू मलाही आलं. सकाळी ते फुगलेले बेदाणे मीसुद्धा पाहिले होते आणि खराट्यानं बाजूला सारले होते. आमच्या शेडात बेदाणा दिसला म्हणून कुणी थांबून बघतं का? तो पायाखाली असतो, लुगड्याच्या ओच्यात असतो, चहाच्या कपातसुद्धा सापडतो.

"मॅडम," रणजित म्हणाला, "आमच्याकडं दात न आलेल्या लेकराला बेदाण्याचं पाणी पाजत्यात. बेदाण्यानं कुणी आजारी पडतंय व्हय?"

"लेकराला चालतं. कुत्र्याला चालत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "द्राक्षं, मनुका, बेदाणे. सगळ्या कुत्र्यांना बाधतात असं नाही. एखादं पाटीभर खाऊनही हिंडतं. पण ज्याला बाधलं त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. का ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मी पुस्तकात वाचलंय, समोर अशी केस आज पहिल्यांदा बघतेय. म्हणून विचारते, किती खाल्ले?"

आता कुणी हसत नव्हतं.

"पडलेले एखाद-दोन टिपत असेल," मी म्हणाले. "मी तिला दूधभाकरी घालते. दुसरं काही नाही."

"एखाद-दोनानं एवढे पडत नाहीत. आणि ह्यांना तूप लागलंय." मॅडमनी काडी टाकली. "हे बघा, विषावरचं इंजेक्शन वेगळं असतं. बेदाण्यासाठी सलाईन लावावं लागतं, दोन दिवस तरी, मूत्रपिंडं धुऊन निघावीत म्हणून. नको ते औषध दिलं तर ही बाई आधीच अशक्त, तिचं हृदय सोसणार नाही. मला नक्की सांगा. अंदाजानं मी सुई टोचणार नाही."

मॅडम हौशीला 'बाई' म्हणाल्या, ते मला आजही आठवतं.

"मी तात्याकडनंच वदवून आणतो काय घातलं ते," रणजित म्हणाला आणि काठी घेऊन बांधाकडे वळला. ह्यांनी त्याचा दंड धरला, त्यानं झटकला. पलीकडे द्राक्षाच्या मांडवाखाली आनंदातात्या आमच्याकडेच बघत उभे होते. रणजितनं तिथूनच त्यांना एक शिवी हासडली.

"रणज्या, काठी ठेव खाली."

आत्याबाई दारातून दोन पावलं आत आल्या होत्या. पदर तोंडावरून काढला होता.

"आई, तू मधी पडू नगंस."

"तात्यानं काय बी घातलेलं न्हाई. मी घातलंय."

शेडातला पंखा तेवढा फिरत होता. मी आत्याबाईंकडे बघितलं. ज्या बाईनं माझी कुत्री दारात उभी करून घेतली नाही, तिनंच शेवटी... माझं डोकं भलतीकडेच धावलं. "काय घातलंत?" मी विचारलं आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमकडे बघून म्हणाल्या, "लाडू."

"कसले लाडू?"

"डिंकाचे. बाळंतिणीला करत्यात तसलं."

निवडणाऱ्यांपैकी एक बाई फिस्सकन हसली. आत्याबाईंनी तिच्याकडे वळून पाहिल्याबरोबर तिनं मान खाली घालून बेदाणा निवडायला घेतला.

"त्यात बेदाणे होते?" मॅडमनी विचारलं.

"निम्मं बेदाणंच. घरचा माल, हात कशाला आखडायचा? बाकी खारीक, खोबरं, डिंक, गूळ, तूप."

"रोज देत होतात?"

"व्याली तवापासनं रोज अर्धा. दुपारी समदी निजली की." त्यांनी हौशीकडे बघितलं. "काल सांजंला ही सैपाकघरात पोह्यांचा डबा हुडकाय लागली. म्हणलं, आता लाडवाचा डबा हिच्या हाताला लागणार. म्हणून हुते तेवढे समदे एकदम नेऊन घातले."

ही म्हणजे मी. मला डबा सापडू नये म्हणून.

रणजितनं काठी खांबाला लावून ठेवली आणि तो पायांकडे बघत उभा राहिला. मॅडम मात्र उठल्या होत्या. "छान झालं, सांगितलंत ते," त्या म्हणाल्या आणि बॅग उघडली. "आता वेळ घालवायचा नाही. इथं धूळ उडतेय. स्वच्छ जागा पाहिजे आणि बाटली टांगायला काहीतरी पाहिजे."

"सोप्यात घ्या," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"बघत काय बसलायसा? उचला की."

हौशीला पोत्यासकट उचलून ह्यांनी आणि रणजितनं उंबऱ्याच्या आत आणलं. सोप्याच्या आढ्याला पाळणा टांगायची लोखंडी कडी होती. बाळ येणार म्हणून ती नुकतीच घासून तेल लावून ठेवली होती. आत्याबाईंनी स्वतः स्टुलावर चढून त्या कडीला दोरी बांधली आणि बाटली टांगली. मॅडमनी हौशीच्या पुढच्या पायाचे केस कापून सुई घातली. थेंब पडायला लागले.

रक्त काढून बाटलीत घेतलं. ते सांगलीच्या प्रयोगशाळेत द्यायचं होतं. रणजित म्हणाला, "मी जातो." त्याला कुठंतरी जोरात जायचंच होतं, आता सांगलीला गेला इतकंच. दुपारी त्याचा फोन आला. मॅडमनी आकडा ऐकला आणि फोन ठेवला.

"मूत्रपिंडांवर ताण आलाय," त्या मला म्हणाल्या. "आता सगळं एका गोष्टीवर आहे. एवढं पाणी आत जातंय, ते बाहेर आलं पाहिजे. हिला लघवी झाली पाहिजे. झाली की मला लगेच फोन करा, मी कुठंही असले तरी. नाही झाली तर..."

"तर?"

"संध्याकाळी येते मी. एक इंजेक्शन देऊन बघू."

त्या निघाल्या तर आत्याबाई त्यांच्यामागून अंगणात गेल्या. मी दारातूनच ऐकत होते.

"डॉक्टरीणबाई, आंबा चालतोय का कुत्र्याला?"

"गर थोडा चालेल. कोय नको. आतड्यात अडकते, मग कापावं लागतं."

"सीताफळ?"

"बिया नकोत."

"केळं?"

"केळं चालतं."

"आणि पिल्लास्नी द्राक्षाचा एखादा मणी?"

"एकही नाही. द्राक्ष नाही, बेदाणा नाही. आणि कांदाही नको."

आत्याबाई मान हलवत होत्या आणि ओठांतल्या ओठांत सगळं म्हणून बघत होत्या. माझ्या लग्नातही पंगतीचा मेनू त्यांनी एवढा मन लावून ऐकला नसेल.

पिल्लं भुकेनं किंकाळत होती. मॅडमनी त्यांना आईजवळ जाऊ देऊ नका, कोमट दूध थोडं थोडं पाजा, असं सांगून ठेवलं होतं. मी वाटी आणि कापसाची वात घेऊन बसले तर पिल्लाच्या नाकातच दूध गेलं. आत्याबाईंनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली, आत गेल्या आणि बोंडलं घेऊन आल्या. चांदीचं, चोचीचं, लहान बाळाला दूध पाजायचं बोंडलं. ह्यांना आणि रणजितला त्यातूनच पाजलेलं. चिंच लावून उजळून ते माझ्या बाळासाठी देवघरात ठेवलं होतं.

"आत्याबाई, हे कशाला?"

"मग काय वातीनं पाजतीस? गुदमरून मरंल ते." त्यांनी एक पिल्लू मांडीवर पालथं घेतलं, चोच त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला लावली आणि थेंब थेंब सोडायला लागल्या. पिल्लू चुटचुट प्यायला लागलं. मग दुसरं घेतलं. हात इतका सावकाश चालत होता की मी बघत राहिले. ह्याच हातानं मला आजवर फक्त भाकरी थापताना घाई करायला सांगितलं होतं.

मी रागावलेली होते हे खरं. हौशी समोर पडली होती, तिचे डोळे अर्धे मिटलेले, आणि तिला असं करणारी बाई माझ्यासमोर बसली होती. मी उठून चहा करून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी घेतला नाही.

"इचार की," त्या म्हणाल्या.

"काय विचारू?"

"का घातलं म्हणून."

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"थोरल्याच्या वक्ताला," त्या म्हणाल्या. थोरला म्हणजे माझा नवरा. "माझी आई न्हवती. तुझ्यागत. लाडू माहेरनं यायचं असत्यात, माझी सासू म्हणायची. माहेरात कोण न्हाई, मग लाडू कुठनं? बारावं झालं आन् तिसऱ्या दिशी मला शेतात भांगलणीला लावलं. कोरडी भाकरी नि चटणी. अंगावर दूध येईना, पोरगं रडायचं. सासू म्हणायची, तुझ्यातच खोट हाय." पिल्लाचं तोंड त्यांनी पदरानं पुसलं. "व्याली त्या दिशी बगितलं, ही तुझी कुत्री क्रेटाआड कोरडी भाकरी चावत हुती. चारी पिल्लं वडत्यात आणि ही चावतीया. मला काय झालं कुणास ठाऊक. म्हणलं, हिचं बी माहेर लांब हाय."

मी हौशीच्या पाठीवर हात ठेवला.

"तू दूध घालत हुतीस, मला दिसत न्हवतं असं न्हाई. पर दूध पिल्लांवाटं जातंय. तिच्या हाडात काय ऱ्हाणार?"

"मला सांगायचं तरी," मी कसंबसं म्हणाले.

"कोणत्या तोंडानं? उंबरा वलांडू नगं म्हणणारी मीच. लोक हसली असती."

"हसलीच की."

"व्हय. हसलीच." त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला आणि लगेच जागेवर आला. मग त्या हौशीकडे बघत म्हणाल्या, "चांगलं कराय गेले आन् जीव घ्यायला बसले बघ."

त्या दिवशी आमच्या घरात एकच प्रश्न होता. रणजित सांगलीहून आला तो चपला काढायच्या आधी म्हणाला, "झाली का?" शेडातल्या बायका घरी जाताना सोप्यात डोकावून विचारून गेल्या, "झाली का वो आक्का?" ती फिस्सकन हसलेली बाईही आली. ह्यांनी तर हौशीला पोत्यासकट उचलून अंगणात नेलं, माणसानं लेकराला उभं करावं तसं धरून उभं केलं, तोंडानं शू-शू केलं, आणि परत आणून ठेवलं. एरवी मी हसून लोळले असते.

दिवेलागणीला आनंदातात्या आले. अंगणातच उभे राहिले. रणजित उठून समोर गेला.

"तात्या, सकाळी तोंडातनं गेलं," रणजित म्हणाला.

"जाऊ दे. मी बी पारावर बोललोच हुतो की." तात्यांनी मान लांब करून सोप्यात पाहिलं. "झाली का रं?"

"न्हाई अजून."

तात्या तिथंच पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी लघवी सुटण्याचं इंजेक्शन दिलं, बाटली बदलली. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "सकाळपर्यंत वाट बघू." डॉक्टरांच्या त्या सुराचा अर्थ मला आईच्या वेळेपासून कळत होता. आत जाऊन मी देवापुढे उभी राहिले आणि एका कुत्रीच्या लघवीसाठी नवस बोलले. काय बोलले ते सांगत नाही, फेडला मात्र.

रात्री आत्याबाईंनी मला निजायला पाठवलं. "तू दोन जिवांची. जा." मी गेले, आणि थकव्यानं मला झोपही लागली, ह्याची सकाळी लाज वाटली. उजाडल्यावर धडपडत सोप्यात आले.

आत्याबाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. हौशीचं डोकं आणि अर्धं अंग त्यांच्या मांडीवर होतं. थंडी वाजत होती तिला, म्हणून अंगावर त्यांनी आपली शाल टाकली होती, लग्नकार्यात घ्यायची ती. पाटीत पिल्लं पोट भरून एकमेकांवर झोपली होती. बोंडलं शेजारी पालथं ठेवलेलं. कडीच्या बाटलीतून थेंब पडत होते.

"आत्याबाई, मी घेते तिला. तुमचे पाय अवघडले असतील."

"गप," त्या म्हणाल्या. "हलू नगंस. बोलू बी नगंस."

मी जागीच थांबले. हौशीनं डोळे उघडले होते. तिनं मागचा पाय जरासा ताणला, अंग आखडलं, आणि आत्याबाईंच्या लुगड्यावर एक गडद डाग दिसायला लागला. डाग मोठा होत गेला. मांडीवरून ओघळून जमिनीवर आला, फरशीच्या सांध्यातून माझ्या पायापर्यंत आला. सोप्यात उग्र वास पसरला. ती नुसती आत आली म्हणून गोमूत्र शिंपडलं होतं, तो हाच सोपा.

आत्याबाई हलल्या नाहीत. त्यांनी पायसुद्धा आखडला नाही, ती मध्येच थांबू नये म्हणून. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या हळू आवाजात म्हणत होत्या, "होऊ दे. होऊ दे माझे बाई. समदी होऊ दे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

माझ्या ओरडण्यानं रणजित धावत आला. "झाली?"

"डॉक्टरणीला फोन लाव," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानं तिथंच उभं राहून लावला. मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्या विचारत होत्या, किती झाली, रंग कसा, आणि अंगणात नेली होतीत का. रणजित आईकडे बघून अडखळला.

"सांग की," आत्याबाई म्हणाल्या. "घरात केली. माझ्या मांडीवर केली. भरपूर केली."

पलीकडून मॅडम हसल्या. सलाईन उद्यापर्यंत चालू ठेवा, दुपारी येऊन पुन्हा रक्त घेते, पण आता ही जगेल, असं त्या म्हणाल्या. रणजित फोन कानाला लावूनच अंगणात गेला आणि बांधाकडे तोंड करून ओरडला, "तात्या, झाली!" काल त्याच दिशेनं त्यानं शिवी हासडली होती.

मी आतून बादली आणि धुतलेलं लुगडं घेऊन आले.

"आत्याबाई, उठा. लुगडं बदला."

"बदलते की. लुगडं काय पळून चाललंय व्हय? आत्ताशी डोळा लागलाय तिचा."

त्या तशाच बसून राहिल्या, भिजलेल्या, हौशीचं डोकं मांडीवर घेऊन. मी बादली खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी मोकळ्या हातानं शालीचं टोक माझ्या पायांवर ओढलं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, तर त्यांनी खांदा हलवला नाही. त्या बाईचे माझ्यावर पुढं किती उपकार झाले ते मोजता येणार नाहीत, पण मला विचाराल तर तो पहिला. दिवस गेल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्या बाळंतपणाची भीती वाटेनाशी झाली होती.